पिंजारगल्लीची सुनावणी

फोन वाजला तेव्हा हाजराबीच्या नाकातोंडाला फडकं बांधलेलं होतं आणि केसांपासून पापण्यांपर्यंत ती कापसानं पांढरी झाली होती. किनवटच्या पलीकडं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मलप्पा नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या अंगणात पिंजणाचं यंत्र धडधडत होतं. मलप्पाच्या घरी लग्न होतं. पाच गाद्या भरायच्या होत्या, दोन नव्या आणि तीन जुन्या उसवून. हाजराबीचा नवरा खाजा यंत्राच्या तोंडात दगड झालेला जुना कापूस सारत होता. दुसरीकडून तो फुगून बाहेर पडत होता आणि त्यांची एकोणीस वर्षांची लेक सुमय्या तो खोळीत भरत होती.

यंत्राच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येणार? पण पलीकडून बोलणारी त्यांची शेजारीण केवळाबाई होती. तिला फोनची गरजच नव्हती, नुसतं पळसवाडीत उभं राहून ओरडली असती तरी किनवटला ऐकू आलं असतं.

"हाजरा, आगं कुठं हाईस? तुमच्या दारावर सरकारी कागद डकवून गेलेत. आंगणवाडीच्या ताईनं सांगितलं. मतदानातून तुमचं नाव कटून राहिलंय!"

"काय कटून राहिलंय?" हाजराबीनं हातानं खूण करून खाजाला इंजन बंद करायला सांगितलं.

"नाव, नाव! तुमचं तिघांचं. अन् तुमच्याच न्हाई, आख्ख्या पिंजारगल्लीच्या दारावर कागद हायेत. तुम्ही गाव सोडून गेलात म्हणं कायमचे. सोमवारी अकरा वाजता तहसीलीत बोलावलंय. न्हाई आलात तर कटलं म्हणून समजा."

तो शनिवार होता आणि दुपारचे बारा वाजले होते.

पिंजारगल्लीतली अकरा घरं दिवाळी झाली की बाहेर पडतात. पूर्वी खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली असायची, आता लोडिंग रिक्षावर बसवलेलं यंत्र असतं, एवढाच फरक. गावोगाव गाद्या-उश्या भरत फिरायचं आणि पाऊस यायच्या आत घरी परतायचं. हे पळसवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि ज्या गोष्टी शेंबड्या पोराला ठाऊक असतात, त्या नेमक्या सरकारच्या कागदाला ठाऊक नसतात.

खाजानं बिडी पेटवली. "कटलं तर कटलं. पुढल्या बारीला पुन्हा घालू. काम सोडून पळायचं का आता?"

हाजराबी अशी फिरली की तिच्या डोक्यावरचा कापूस उडाला.

"पुढल्या बारीला? लोकसभा तोंडावर आली अन् पुढल्या बारीला? अवो, मी उदगिराहून लगीन होऊन आले तव्हा ह्या गावात मला कोन ओळखत व्हतं? खाजाची बायकू, बस. माझं सोताचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते मतदार यादीत. म्या तो कागद शेजारच्या ग्यानूभाऊकडून तीनदा वाचून घेतला व्हता. आता जितेपणी पुसतेत मला?"

सुमय्यानं हातातली खोळ खाली ठेवली. तिचं नवं मतदान कार्ड गेल्याच महिन्यात आलं होतं आणि ते तिनं मोबाइलच्या पारदर्शक कव्हरात घालून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. तिनं एकदा मोबाइल उलटा करून कार्डाकडं पाहिलं आणि लगेच फोन लावायला घेतले.

मलप्पा बाजेवर पडून सगळं ऐकत होता. "जा की खुशाल," तो म्हणाला. "पण माझ्या गाद्या अशा पोट फाडून टाकून जाता का? उद्या पाव्हणे यायलेत. म्हणतील, मलप्पाच्या घरच्या गादीला आतडीच न्हाईत."

त्याची सून फिदीफिदी हसली. खाजाला ते लागलं. उसवलेली गादी तशीच टाकून पिंजारी उठत नाही, हा त्याच्या बापाचा, आज्याचा नेम. उघड्या गादीतून त्या घरचं सुख उडून जातं असं मानतात. गिऱ्हाईक कितीही खवट असो, त्याचं सुख उडवायचा पिंजाऱ्याला अधिकार नाही.

"शिवून देऊनच निघू," खाजा म्हणाला आणि त्यानं बिडी विझवली. "उद्या दुपारपर्यंत. इंजन लाव गं सुमे."

एरवी तीन दिवसांचं ते काम. हाजराबी काठीनं कापूस झोडत सुटली ती दंड भरून येईपर्यंत. दाभण दोनदा तिच्या अंगठ्यात घुसला. तिनं अंगठा तोंडात धरला, थुंकली आणि पुढचा टाका घातला. खाजाला खोकल्याची उबळ यायची तेव्हा तो तोंड फिरवून खोकायचा आणि दुसऱ्या हातानं कापूस सारतच राहायचा. सुमय्या एका हातानं खोळ धरून दुसऱ्या हातानं मोबाइल तोंडाशी नेत होती.

"सद्दामभाई, कुठं हाव? भोकरला? सोमवारी अकराच्या आत तहसीलीत या, घरच्या सगळ्यांना घेऊन. कार्ड, आधार, राशन, असंल ते आना. आलियाआपा, तुम्ही? भैंशाच्या पलीकडं? मंग उद्याच निघा ना! अबुजरचाचाला मीच सांगते."

कोण तेलंगणात, कोण हदगावकडं, कोण हिमायतनगरच्या बाजारात खोळीचं कापड घेत होतं. छत्तीस माणसं, अकरा रिक्षा. जसजसे 'येतो' म्हणून निरोप येऊ लागले तसतसा सुमय्याचा आवाज चढत गेला. "अम्मी, बावीस झाले! अम्मी, सत्तावीस!" एखाद्या लग्नाची आमंत्रणं चालली असावीत असा तिचा उत्साह होता. हाजराबीलाही मग दंड दुखायचा विसर पडला.

रविवारी सकाळी पाचवी गादी राहिली तेव्हा मलप्पा बाजेवरून उठला, स्वतः चहा घेऊन आला आणि खोळीचं एक टोक धरून बसला. मोठा माणूस खाली मातीत बसलेला पाहून हाजराबीला अवघडल्यासारखं झालं.

"आमच्याकडं असं कुनाचं नाव कापत न्हाईत गा," तो म्हणाला.

"आमच्याकडं बी कापत नव्हते," हाजराबी म्हणाली. "धरा नीट, टाका हुकतोय."

दुपारी एकला शेवटची गाठ मारली आणि रिक्षा निघाली.

पळसवाडीत पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दाराला बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या, तेच लावून गेले होते, कुत्री-शेरडं आत शिरू नयेत म्हणून. काट्यांच्या वर दारावर कागद डकवलेला. सुमय्यानं तो ओरखडे सोसत काढला आणि वाचायला लागली. केवळाबाई पदराला हात पुसत आपल्या अंगणातून धावत आली. दोन्ही घरांमध्ये कंबरेइतकी भिंत होती आणि तीस वर्षांत त्या भिंतीवरून वाट्या इतक्या फिरल्या होत्या की कुठली वाटी मूळची कुणाची याचा हिशोब दोघींनी सोडून दिला होता.

"स्थलांतरित," सुमय्या वाचत होती. "सदर मतदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, अशी हरकत प्राप्त झाली आहे. हरकतदाराचं नाव..."

ती थांबली.

"कोन हाय मेला?" केवळाबाईनं विचारलं. "वाच की. त्याच्या तोंडात माती घालून येते मी."

सुमय्यानं कागद आईकडं दिला, जसं काही आईला वाचता येणार होतं. मग हळू आवाजात म्हणाली, "ग्यानोबाकाका."

ग्यानोबा म्हणजे केवळाबाईचा नवरा. पळसवाडीचा कायमचा पंच. गावात गारपीट होवो, चोरी होवो, कुणी विहिरीत पडो, तलाठी आला की पहिली हाक ग्यानोबाला. ग्यानोबा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून यायचा, उभा राहून पाहायचा आणि पंचनाम्याखाली झोकदार सही ठोकायचा. अख्ख्या पंचक्रोशीत तशी सही नव्हती. त्या सहीचा त्याला स्वतःच्या बैलांइतका अभिमान होता.

तो तेव्हा गोठ्याच्या दारात वैरणीची पेंढी सोडत बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"छत्तीसच्या छत्तीस हरकती तुमच्या नावानं हायेत काका," सुमय्या भिंतीपाशी येऊन म्हणाली. तोवर बाकीच्या दारांवरचेही कागद ती पाहून आली होती. "तुमची सही हाय?"

ग्यानोबा उठून उभा राहिला. "ते... ते तर गारपिटीचे पंचनामे व्हते. शेषेराव घेऊन आला व्हता. म्हणला, लई कागद हायेत, बसून घ्या, चहा सांगतो."

"अन् तुम्ही वाचलं न्हाई?"

"पंचानं वाचायचं नसतं गं पोरी. पंचानं पाहायचं असतं. गारा म्या पाहिल्या व्हत्या!" त्याचा आवाज फाटला. "शंभर पंचनाम्यावर सही केली, एकदा बी वाचून पाहिलं न्हाई. समोरच्यानं सही मागितली अन् आपण वाचत बसलो तर त्याला चोर म्हणल्यासारखं होतंय."

केवळाबाई पाटाच्या पाण्यासारखी सुटली. "चहा पिऊन शेजाऱ्याला गावाबाहेर काढलं का हो तुम्ही! आन् मीच फोन करून राहिले तिला, मीच!" ती बोलत होती आणि डोळे पुसत होती. हाजराबी मात्र हातातल्या कागदाची घडी घालत होती. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, कुणाची कोण जाणे. ज्या माणसानं तिचं नाव तीनदा वाचून दाखवलं होतं, त्याच्याच सहीनं ते कापलं जात होतं.

एवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. शेषेराव उतरला. गावातला पुढारी, पांढरेशुभ्र कपडे, हसरा चेहरा. कुणाच्या मयतीला सगळ्यात आधी पोचणारा माणूस. पिंजारगल्लीची मतं आपल्या उमेदवाराला पडत नाहीत, हे त्यानं मागच्या दोन निवडणुकांत मोजून पाहिलं होतं.

"या खाजाभाई, आलात व्हय!" तो म्हणाला. "कशाला धंदा सोडून आलात? सरकारी काम हाय, चालायचंच." मग तो ग्यानोबाजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात बोलला. "उद्या तहसीलीकडं फिरकू नका. खोटी हरकत दिली म्हणून कबूल केलं तर एक वर्षाची शिक्षा हाय. कायदा हाय तसा. अन् इतक्या वर्षांचे पंचनामे बी उकरून काढतेल. घरी बसा. बाकीचं मी पाहून घेतो."

ग्यानोबानं हातातली पेंढी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग तो घरात गेला.

"चला," हाजराबी म्हणाली. "ह्या काट्या काढू."

सोमवारी दहा वाजता तहसीलीच्या फाटकासमोर अकरा लोडिंग रिक्षा ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांवर पिंजणाची यंत्रं, कापसाची पोती, वर बसलेली बायामाणसं. भैंशाहून आलेली आलिया रात्रभराच्या प्रवासानं लाल डोळ्यांची झाली होती, तरी हसत होती. अबुजर म्हातारा ऐंशीचा, त्याला दोघांनी उचलून खाली घेतलं. सगळ्यांच्या केसांत कापूस होता. सुमय्या हातात यादी घेऊन एकेकाला हात लावून मोजत होती. पस्तीस झाले. छत्तिसावा सद्दाम, त्याच्या रिक्षाचा पट्टा तुटला म्हणून पाच मिनिटं उशिरा आला, तेव्हा सगळ्यांनी एकच गलका केला.

फाटकावरचा शिपाई पुढं आला. "ए, काय हाय हे? मोर्चा हाय का? जमावबंदी लागू हाय. पाचपेक्षा जास्त मानसं एका जागी थांबायची न्हाईत. गाड्या काढा, न्हाईतर सगळ्यांना आत टाकीन."

खाजा सवयीनं रिक्षाच्या किल्लीकडं गेला. बाकीचेही मागं सरकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगणात काम केलेली माणसं, 'काढा' म्हटलं की काढायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

सुमय्यानं पाय रोवले. "साहेब, आमी जमाव न्हाई. आमाला बोलावणं हाय." तिनं छत्तीस नोटिसांचा गठ्ठा त्याच्यासमोर धरला. "हे बगा, तहसीलीचा शिक्का. आज, अकरा वाजता, समक्ष हजर राहावे. न्हाई आलो तर नाव कटतंय अन् आलो तर तुम्ही आत टाकता. तुम्हीच सांगा, काय करावं?"

शिपायानं पहिली नोटीस वाचली, दुसरी वाचली. तिसरी वाचताना त्याला घाम आला. "पाच-पाच जण करून जा मंग," तो म्हणाला.

"चार-चारच जातो," हाजराबी म्हणाली. "एक तुमच्याकडं शिल्लक ठेवा."

मागं हशा पिकला आणि शिपायालाही हसू आवरेना. चार-चारच्या नऊ टोळ्या करून, मध्ये दहा पावलांचं अंतर ठेवून पिंजारगल्ली आत गेली. आत जाऊन मग सगळे एकाच व्हरांड्यात बसले, तो भाग वेगळा.

नायब तहसीलदार बाई तरुण होत्या, टेबलावर फायलींचा ढीग, बाजूला कारकून. चार-पाच गावांच्या हरकती त्याच दिवशी होत्या. "पळसवाडी," कारकुनानं पुकारलं. "हरकतदार ग्यानोबा हजर आहेत का?"

"ते आजारी हायेत मॅडम," शेषेराव पुढं झाला. "त्यांच्या वतीनं मी आलोय. हरकत कायम हाय. ही मानसं वर्षातून सहा-सहा महिने गावात नसतात. तपासाचा अहवाल बी तसाच हाय."

बाईंनी अहवाल पाहिला. "घर बंद. दाराला काट्या लावलेल्या. वास्तव्य आढळून आलं नाही, असं लिहिलंय." त्यांनी वर पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

सगळ्यांनी हाजराबीला पुढं ढकललं. टेबलाच्या कडेला हात टेकावा असं तिला वाटलं, पण हाताला कापूस होता, तो तिनं लुगड्याला पुसला.

"मॅडम, काट्या कोन लावतंय?" ती म्हणाली. "जो परत येणार हाय तो. कायमचं जाणारा मानूस कशाला काट्या लावंल? तो तर चौकट सुदिक काढून नेतो. काट्या दिसल्या म्हंजी समजायचं, ह्या घराला धनी हाय."

बाईंनी अहवालातली ती ओळ पुन्हा वाचली. त्यांच्याही गावाकडं काट्या लावत असाव्यात. पण कारकून म्हणाला, "मॅडम, हरकतदाराची सही आहे छत्तीस अर्जांवर. नोंदलेला पंच आहे तो गावचा. त्याची सही अशी कशी डावलायची?"

"मंग पंचालाच इचारा!" दारातून आवाज आला.

केवळाबाई आत आली. तिच्या मागं ग्यानोबा. धुतलेलं धोतर, पटका, पायांवर धूळ. पळसवाडीहून सात किलोमीटर चालत आले होते दोघं, कारण सगळ्या रिक्षा आधीच निघून गेल्या होत्या आणि थांबवायचं तोंड त्याला नव्हतं. शेषेरावनं डोळ्यांनी खुणावलं, पण ग्यानोबानं तिकडं पाहिलंच नाही.

"सही माझी हाय," तो म्हणाला. "हरकत माझी न्हाई. गारपिटीचे पंचनामे म्हणून शेषेरावनं सह्या घेतल्या. म्या वाचलं न्हाई. हे समदे गावचे हायेत. ह्या हाजराबीच्या अन् आमच्यात एक भिंत हाय, बस."

"वाचता येत नाही का?" बाईंनी विचारलं.

"येतंय. वाचलं न्हाई."

कारकून हसला. "म्हणजे आजवरचे सगळे पंचनामे असेच का, पंच?"

ग्यानोबाचा चेहरा काळाठिक्कर पडला. व्हरांड्यातली, खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडं पाहत होती. त्याच्या सहीचं, पटक्याचं, मानाचं जे काही होतं ते त्या एका प्रश्नात मातीत गेलं. हाजराबीला वाटलं, आता हा खाली कोसळतो.

"हाव," तो म्हणाला. "असेच. काय शिक्षा असंल ती लिवा. पण आधी ह्यांची नावं राहू द्या."

शेषेराव फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. तो पुन्हा आत आला नाही. बाईंनी जबाब लिहून घेतला आणि ग्यानोबाला वाचायला दिला. त्यानं चष्मा लावून बोटानं एकेक ओळ वाचली, एका शब्दाला अडला, विचारून घेतला. अख्खी खोली थांबली. मग त्यानं सही केली, झोक न देता.

"पळसवाडीच्या छत्तीस हरकती फेटाळल्या," बाई म्हणाल्या. "नावं कायम. अर्ज कुणी गोळा केले त्याची चौकशी लावते. आणि ग्यानोबा, तुम्हालाही चौकशीला यावं लागेल."

"येतो," ग्यानोबा म्हणाला.

व्हरांड्यात एकच कल्ला झाला. आलिया नाचायचीच राहिली. अबुजर म्हातारा 'काय झालं, काय झालं' विचारत होता आणि प्रत्येक जण त्याच्या कानात ओरडून सांगत होता. सुमय्यानं आईला कमरेला धरून उचललं. हाजराबी हसत होती, रडत होती, लेकीला ओरडत होती.

आत कारकुनानं पुढचं गाव घेतलं. "टेकाळवाडी तांडा. उमाबाई राठोड. मयत. हजर आहे का कुणी?"

कुणी ओ दिली नाही. तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेलेली, त्यांना कोण सांगणार?

"कोणी नाही. पुढचं..."

"थांबा!" हाजराबी लेकीला ढकलून पुन्हा दारात आली होती. "उमाबाई जिती हाय!"

"तुम्ही कोण त्यांच्या? नातेवाईक?"

"न्हाई. त्यांच्या घरची गादी भरली ना म्या. गेल्या महिन्यात. मेलेल्या बाईनं मला दोनदा चहा पाजला का मॅडम? गुडघ्यानं अधू हाय, तोडीला गेली न्हाई, घरीच हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कारकुनानं पुढचं नाव वाचलं. "दिपाली राठोड. स्थलांतरित."

"बाळंतपणाला माहेरी हाय," आलिया मागून म्हणाली. "लेकराची दुपटी मीच शिवून दिली."

"शिवम पवार."

"कारखान्यावर हाय, टोळीत. नंबर हाय माझ्याकडं," सद्दाम म्हणाला.

नाव येत गेलं आणि व्हरांड्यातून उत्तर येत गेलं. तीन तालुक्यांत असं एक घर नव्हतं ज्याच्या आतला कापूस ह्या छत्तीस माणसांच्या हातून गेला नव्हता. कोण कुठं निजतं, कोण गेलं, कोण आलं, हे त्यांना तलाठ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बाई एकेक नाव ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत होता. एकोणीस नावं झाली. मयत म्हणून फक्त दोनच खरी निघाली.

"तोंडी मला चालत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "माणूस समोर पाहिजे. बाहेरगावी असेल त्याचा अर्ज फोटोसकट आला तर पुढची तारीख देईन. गावात आहेत त्यांना आज पाचपर्यंत आणा. पाचनंतर मी नावं काढायच्या आदेशावर सही करणार."

खाजा, जो पुढल्या बारीला बघू म्हणत होता, तो सगळ्यात आधी पळाला. यंत्रं उतरवून झाडाखाली ठेवली गेली, पोती खाली आली, अकरा रिक्षा रिकाम्या झाल्या. शिपाई 'अरे जमाव, जमाव' म्हणत होता आणि स्वतःच एका यंत्राला हात लावत होता. सुमय्या यादीचा फोटो सगळ्यांना पाठवून एकेका रिक्षाला नावं वाटून देत होती.

ग्यानोबा फाटकाशी पटका हातात घेऊन उभा होता. कालपासून हाजराबी त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. खाजानं इंजन चालू केलं तशी ती वर चढली आणि मागं वळली.

"ग्यानूभाऊ, तांड्यावर अर्ज लिवून घ्यावं लागतेल. आमाला लिवता येत न्हाई, सुमी एकटी किती लिवंल?"

ग्यानोबानं मान वर केली.

"वाचून दाखवावं लागंल पण त्यांना," ती म्हणाली. "सगळं. मंगच आंगठा."

तो चढला. केवळाबाईही चढली आणि चढल्या चढल्या खाजाला रस्ता सांगू लागली. दुपारचा दीड वाजला होता.